पोटगीच्या खटल्यातलं मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र: वावर, केळी, सोनं आणि पगार कागदावर कसा मांडायचा

घटस्फोटाचा दावा असो, पोटगीचा अर्ज असो की कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार, पैशाचा प्रश्न आला की न्यायालय नवरा-बायको दोघांकडूनही एक कागद मागतं: मालमत्ता आणि दायित्वांचं प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनीश विरुद्ध नेहा या निकालात ते देशभर बंधनकारक केलं आणि त्याचा नमुनाही निकालाला जोडून दिला. त्याआधी बायको नवऱ्याची कमाई वाढवून सांगायची, नवरा स्वतःची कमी करून सांगायचा, आणि न्यायाधीशांना मधला कुठला तरी आकडा अंदाजाने धरावा लागायचा. आता तो अंदाज या कागदावर उभा राहतो. म्हणून तो वकिलाच्या टायपिस्टवर सोडून देऊ नका. वकील कायदा सांगतील, पण तुमच्या घरातला पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे तुम्हालाच माहीत असतं.

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात हा नमुना भरताना एक जास्तीची अडचण येते. नमुन्यात महिन्याचं उत्पन्न विचारलेलं असतं आणि इथल्या निम्म्या घरांत पैसा महिन्याने येतच नाही. केळी कापली की येतो, कापूस विकला की येतो, दुधाचा हिशेब झाला की येतो. जमीन वडिलांच्या नावावर, ट्रॅक्टर भावाच्या नावावर, ठेव आईच्या नावावर. अशा घरातला माणूस 'मासिक उत्पन्न' या रकान्यात मनाला येईल तो आकडा लिहून मोकळा होतो आणि उलटतपासणीत तिथेच सापडतो. पैसा ज्या वेळेला, ज्या नावावर, ज्या वाटेने येतो तसाच लिहा. प्रत्येक आकड्यामागे एक कागद लावा. जिथे कागद नाही तिथे 'कागद नाही, अंदाजाने सांगतो' असं स्पष्ट लिहा.

कोणता नमुना भरायचा

निकालासोबत नमुने आहेत. पहिला बिगरशेती उत्पन्नवाल्यांचा, दुसरा शेतकऱ्यांचा, तिसरा फक्त मेघालयापुरता. आपल्या भागात बहुतेकांना पहिले दोन्ही लागतात. शाळेत शिक्षक आहे आणि यावलला चार एकर वावर आहे, भुसावळला रेल्वेत आहे आणि गावी वडिलांच्या नावावर केळी आहे, अशांनी पहिला नमुना पूर्ण भरून शेतीचा नमुना त्याला जोडावा. 'मी नोकरदार, शेती वडील बघतात' एवढ्यावर भागत नाही, कारण वडिलोपार्जित जमिनीतल्या हिश्श्याचा रकाना पहिल्या नमुन्यातही आहेच.

अर्जदाराने हे प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच द्यायचं असतं. सामनेवाल्याने उत्तरासोबत, जास्तीत जास्त चार आठवड्यांत. त्यासाठी दोनपेक्षा जास्त तारखा देऊ नयेत असं निकालात आहे. मुद्दाम टाळाटाळ दिसली तर बचाव काढून टाकण्याचा विचार न्यायालय करू शकतं. म्हणजे कागद उशिरा देऊन पोटगी लांबवायचा जुना डाव आता उलटतो. त्यात पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी असंही त्याच निकालात आहे. लांबवलेल्या प्रत्येक महिन्याची थकबाकी शेवटी अंगावरच येते.

हिंदू विवाह कायद्याखालचा दावा जिथे कुटुंब न्यायालय आहे तिथे तिकडे, नाहीतर दिवाणी न्यायालयाच्या वरिष्ठ स्तराकडे. १ जुलै २०२४ नंतर दाखल झालेला पोटगीचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली येतो. त्याआधीचे अर्ज जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालीच चालू आहेत. न्यायालय कुठलंही असो, प्रतिज्ञापत्र तेच. नंदुरबार, शहादा, धडगाव, अक्कलकुवा भागातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांनी एक लक्षात ठेवावं: अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही, त्यामुळे घटस्फोटाची वाट वेगळी असू शकते. पण कलम १४४ ची पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचार कायदा त्यांनाही लागू आहे, आणि तिथे हा कागद द्यावाच लागतो.

वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

आधी कागद, मग नमुना

पुष्कळ जण नमुना आधी भरतात आणि कागद नंतर शोधतात. मग आकडे जुळत नाहीत, खाडाखोड होते. आधी एक जाड फाईल घ्या आणि तिचे चार भाग करा: ओळख व लग्न, उत्पन्न, मालमत्ता, कर्ज. कागद गोळा झाले की त्यांवर पेन्सिलने क्रमांक टाका. नमुना भरताना प्रत्येक ओळीपुढे तोच क्रमांक लिहायचा आहे.

बँकेच्या खात्यांचा उतारा किमान तीन वर्षांचा काढा. मोबाईलवरचा दहा नोंदींचा उतारा चालत नाही. शाखेतून शिक्क्यासह घ्या, किंवा बँकेच्या ॲपमधून पूर्ण कालावधीची पीडीएफ काढा. बंद केलेली खातीही लिहायची आहेत, कारण वेगळं राहायला लागल्यावर महिनाभरात बंद झालेलं खातं समोरचा वकील सर्वात आधी विचारतो. आईसोबतचं संयुक्त खातं, मुलाच्या नावाचं खातं, जनधन खातं, पोस्टातलं खातं, पतसंस्थेचं खातं, सगळं घ्या.

विवरणपत्र भरत असाल तर शेवटच्या तीन वर्षांची विवरणपत्रं, फॉर्म १६, २६एएस (कापलेल्या कराचा उतारा) आणि एआयएस (आयकर खात्याकडचं वार्षिक माहिती विवरण). एआयएस काढायला विसरू नका. ठेवींवरचं व्याज, जमिनीची खरेदी-विक्री, म्युच्युअल फंड हे सगळं त्यात दिसतं. तुम्ही जे लिहिलं नाही ते तिथे छापलेलं असेल तर तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

जमीन: सातबारा वाचूनच लिहा

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन मिळतात. न्यायालयात हेच लावा. महाभूलेखावर नुसता बघायला मिळणारा उतारा पुराव्याला चालत नाही. आठ-अ महत्त्वाचा अशासाठी की एका गावातले तुमच्या खात्याचे सगळे गट त्यात एकत्र दिसतात. फक्त एका गटाचा सातबारा लावून 'माझी एवढीच जमीन' म्हणणाऱ्याला आठ-अ उघडा पाडतो. जमीन दोन गावांत असेल तर दोन्ही गावांचे आठ-अ लागतील.

उताऱ्यावरून नमुन्यात काय जायचं ते असं. गाव नमुना ७ वर भोगवटादाराचं नाव, वर्ग १ की वर्ग २, आणि क्षेत्र. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं: एक आर म्हणजे साधारण एक गुंठा, आणि एक एकर म्हणजे सुमारे ०.४० हेक्टर. उताऱ्यावर १.६२ हेक्टर असेल तर तेच लिहा आणि शेजारी 'सुमारे चार एकर' असं द्या. पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) वेगळा दाखवलेला असतो, तो लागवडीत धरू नका. सामाईक खातं असेल तर 'एकूण क्षेत्र अमुक, त्यात माझा हिस्सा एवढा, वाटप झालेलं नाही' असं तीन तुकड्यांत लिहा. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा (कर्जाची नोंद) असतो. तो कर्जाच्या भागाशी जुळला पाहिजे. कर्ज लिहिलं आणि सातबाऱ्यावर बोजा नाही, किंवा बोजा आहे आणि कर्ज लिहिलं नाही, दोन्हींत प्रश्न येतो.

गाव नमुना १२ मध्ये पीक पाहणी असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकरी स्वतः मोबाईलवरून पीक नोंदवू लागला. अनेकांची चूक इथेच होते. पीक पाहणीत केळी नोंदवलेली, हवामान आधारित फळपीक विम्याच्या अर्जात तेच क्षेत्र केळीखाली दाखवलेलं, आणि प्रतिज्ञापत्रात 'कोरडवाहू जमीन, नाममात्र उत्पन्न'. समोरचा वकील विम्याची पावती पुढे ठेवतो आणि बाकीचं सगळं न बोलताच सिद्ध होतं. विम्याला खरं लिहिलं असेल तर न्यायालयातही तेच लिहा. उलटंही होतं: पीक पाहणी वेळेत न केल्याने उताऱ्यात जुनं पीक किंवा पड दिसतं, आणि प्रत्यक्षात वेगळंच असतं. तेव्हा 'उताऱ्यातली नोंद अमुक, प्रत्यक्ष पीक तमुक' असं दोन्ही सांगा आणि बियाणं-खताच्या पावत्या जोडा.

जमीन तुम्ही स्वतः करत नसाल तर कशावर दिली ते लिहा: निमबटाईने (अर्ध्या वाट्याने), नफ्याने (ठरलेल्या रकमेवर) की दुसऱ्या कशाने. नमुन्यात बटाईचा रकाना खास आहे. तोंडी व्यवहार असेल तर करणाऱ्याचं नाव, किती साल झाली आणि वर्षाला काय मिळतं ते लिहा. दुसऱ्याचं वावर तुम्ही नफ्याने करत असाल तर तेही.

जमिनीची किंमत लिहिताना 'बाजारभावाने कोटीची' किंवा 'काही किंमत नाही' अशी भाषा नको. मुद्रांक विभागाच्या रेडी रेकनरमधला त्या गावाचा दर घ्या, वर्ष लिहा, क्षेत्राने गुणा. विक्रीचा अलीकडचा व्यवहार शेजारच्या गटात झाला असेल तर सूची क्रमांक २ ची (नोंदणी कार्यालयातल्या त्या व्यवहाराच्या उताऱ्याची) प्रत जोडता येते.

आता एक नाजूक बाब. लग्नानंतर नावावरून काढलेली जमीनही सांगायची असते. वाद सुरू झाल्यावर भावाला बक्षीसपत्र, वडिलांकडे परत, तहसीलदारांपुढे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप, हे सगळं फेरफारात (हक्क बदलाच्या नोंदींत) तारखेसह नोंदलेलं असतं. गाव नमुना ६ काढला की दिसतं. बायकांच्या बाजूने हीच गोष्ट हक्कसोडपत्राची. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क भावासाठी सोडलेल्या बहिणी आपल्याकडे घरोघर आहेत. हक्कसोड लग्नानंतर झाली असेल तर 'हस्तांतरण' या भागात तारीख, गट आणि 'मोबदला नाही' असं लिहा. सोडली नसेल आणि सातबाऱ्यावर नाव असेल तर हिस्सा लिहा, भले त्यातून एक रुपया हाती येत नसेल. 'नाव आहे, ताबा भावाकडे, उत्पन्न मिळत नाही' हे वाक्य खरं असेल तर त्याने पोटगी बुडत नाही. नाव लपवलं आणि सापडलं तर मात्र बुडू शकते.

केळीचं उत्पन्न महिन्यात कसं बसवायचं

शेतीच्या नमुन्यात मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न विचारलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. केळीचं एक पीक अकरा ते तेरा महिने घेतं. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे उभ्या बागा आडव्या होतात. कुकुंबर मोझॅक हा विषाणूचा रोग आला तर झाडंच उपटावी लागतात. म्हणून एका वर्षाचा आकडा खोटं चित्र देतो, चांगल्या वर्षाचाही आणि वाईट वर्षाचाही.

उदाहरण घ्या. आकडे नमुन्यादाखल आहेत, रीत लक्षात घ्या. दोन एकरांत ३,००० खोड. त्यातले २,७०० घड कापले गेले, सरासरी १८ किलो. म्हणजे ४८,६०० किलो, ४८६ क्विंटल. कापणी तीन टप्प्यांत झाली, भाव वेगवेगळे लागले, सरासरी १,१०० रुपये क्विंटल. एकूण ५,३४,६०० रुपये. खर्च: रोपं ४८,०००, खत-औषधं १,१०,०००, मजुरी ७५,०००, वीज व ठिबकची दुरुस्ती २०,०००, मिळून २,५३,०००. हातात राहिले २,८१,६००. पीक तेरा महिन्यांचं असेल तर भागाकार तेराने करायचा, बाराने नाही. महिन्याला सुमारे २१,६६० रुपये. बाराने भागलं तर २३,४६० च्या पुढे जातं, आणि पोटगीच्या हिशेबात हा फरक वर्षानुवर्षं पुढे चालतो.

दुसऱ्या वर्षी वादळात निम्मी बाग गेली, विम्याची रक्कम धरून ५८,४०० राहिले. तिसऱ्या वर्षी ३,२०,०००. तिन्ही वर्षं वेगळी लिहा, आणि खाली सरासरी: ६,६०,००० भागिले तीन, म्हणजे वर्षाला २,२०,०००, महिन्याला सुमारे १८,३३० (ही वर्षाची सरासरी, म्हणून इथे भागाकार बाराने). नुसती सरासरी लिहिली तर न्यायालयाला ती कशी आली ते कळत नाही. नुसतं वादळाचं वर्ष लिहिलं तर ती लपवाछपवी ठरते. विम्याची भरपाई त्या वर्षाच्या उत्पन्नात धरलीच पाहिजे, ती थेट खात्यात जमा होते आणि उताऱ्यात दिसते.

पुरावा काय? व्यापाऱ्याच्या काटा पावत्या, खात्यात आलेली रक्कम, रोपवाटिकेचं बिल, कृषी केंद्राची बिलं. केळीचा मोठा व्यवहार रोखीत होतो आणि काटा पावती खिशातच विरते. गेल्या दोन वर्षांच्या पावत्या नसतील तर व्यापाऱ्याकडे वहीची नक्कल मागा. मिळाली नाही तर त्या तारखांचा रावेरचा किंवा बऱ्हाणपूरचा प्रसिद्ध झालेला भाव धरून हिशेब मांडा आणि 'भाव प्रसिद्ध दराने, वजन आठवणीने' असं लिहा.

कापसाला हाच हिशेब, फक्त सोपा. शासकीय खरेदी केंद्रावर दिला असेल तर पैसे खात्यातच येतात. खेडा खरेदीत (गावात आलेल्या व्यापाऱ्याला) दिला असेल तर चिठ्ठी. घरात साठवून ठेवलेला कापूस भाव वाढायची वाट बघत असेल तर तो प्रतिज्ञापत्राच्या तारखेला शिल्लक माल म्हणून क्विंटलमध्ये लिहा. पपई, मिरची, मका यांनाही तसंच.

खर्चात सालदार (सालाने ठेवलेला गडी) धरताना त्याचं साल आखाजीपासून (अक्षय तृतीयेपासून) आखाजीपर्यंत असतं हे विसरू नका. आर्थिक वर्ष एप्रिलचं आणि सालदाराचं साल आखाजीचं, दोन्हींची सरमिसळ झाली की एका वर्षात दोन सालांची उचल दिसते आणि खर्च फुगवल्याचा आरोप होतो. घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरू नका.

जनावरांचा रकाना वेगळा आहे: म्हशी किती, दुभत्या किती, डेअरीला रोज किती लिटर. डेअरीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या लावा, ढेप-चाऱ्याचा खर्च वजा करा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरीचे मिळणारे हप्तेही उत्पन्नातच लिहायचे. रक्कम लहान आहे म्हणून सोडली जाते, पण बँकेच्या उताऱ्यात ती नावासकट छापलेली असते.

पगार, दुकान, सुरत

पगारदाराचं काम सोपं वाटतं, पण चूक होतेच. पगारपत्रकात तळाला दिसणारा निव्वळ आकडा लिहून चालत नाही. न्यायालय एकूण पगारातून सक्तीच्या कपाती वजा करून बघतं: आयकर, व्यवसाय कर, भविष्य निर्वाह निधीची बंधनकारक वर्गणी. पतपेढीच्या कर्जाचा हप्ता, जास्तीची ऐच्छिक पीएफ वर्गणी, विम्याचा हप्ता, गाडीचं कर्ज या तुमच्या मर्जीच्या कपाती, त्यांनी पोटगी आपोआप घटत नाही. म्हणून तीन ओळी लिहा: एकूण, सक्तीच्या कपाती, इतर कपाती. रात्रपाळी, जादा तास, प्रवास भत्ता महिन्यागणिक बदलत असेल तर बारा महिन्यांची पगारपत्रकं लावून सरासरी काढा. पोटगी पगाराच्या चौथ्या हिश्श्याइतकीच असते असं सर्रास सांगितलं जातं. २०१७ मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य म्हटली होती, पण तो कायद्यातला ठरलेला दर नाही. तेवढ्यावर हिशेब करून बसू नका.

दुकानदाराने जीएसटीची विवरणं, चालू खातं, यूपीआयची जमा, भाड्याची पावती आणि माल उधारीची वही यांवरून आकडा काढावा. उलाढाल आणि नफा यांत गल्लत नको. समोरचा पक्ष क्यूआर कोडवर जमा झालेली सगळी रक्कम 'कमाई' म्हणून दाखवेल, त्याला उत्तर खरेदीच्या बिलांनीच देता येतं. आयकरात शेतीचं उत्पन्न माफ असल्याने कुणी धंद्याचं उत्पन्न शेतीचं म्हणून दाखवलेलं असतं. तोच माणूस न्यायालयात 'शेतीत काही पिकत नाही' म्हणाला की त्याचंच विवरणपत्र त्याच्याविरुद्ध पुरावा होतं.

नवरा सुरतला कापडाच्या किंवा हिऱ्याच्या कामावर आहे, पगार हातात मिळतो, बायकोला आकडा माहीत नाही, असं नेहमीच असतं. नमुन्यात समोरच्याच्या उत्पन्नाचा स्वतंत्र भाग आहे. तो रिकामा सोडू नका. माहीत असेल तेवढं लिहा: कोणत्या भागात काम, काम काय, किती वर्षं, खोलीचं भाडं किती, गाडी कोणती, घरी दर महिन्याला किती पाठवायचा, ते कोणत्या खात्यात यायचं. त्याने पूर्वी पाठवलेल्या रकमांचा उतारा मोठा पुरावा असतो. मेसेज लावायचे तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र त्यासोबत लागतं.

बायकोने स्वतःच्या रकान्यात सरसकट 'शून्य' लिहिण्याची सवय फार नुकसान करते. शिलाईतून महिन्याला दोन-तीन हजार मिळतात, शिकवणी आहे, बचत गटाचा पापडाचा धंदा आहे, लाडकी बहीणचे १,५०० येतात, तर लिहा. तेवढ्या कमाईने पोटगी जात नाही. शिक्षणही लिहा. बी.एड. आहे आणि नोकरी नाही, तर का नाही ते एका ओळीत सांगा: मूल तीन वर्षांचं, सांभाळायला कुणी नाही. हे कारण न्यायालय ऐकून घेतं. पदवी लपवली तर पुढचं काहीच ऐकलं जात नाही.

सोनं

जळगावच्या सराफ्यामुळे आपल्याकडे घरात सोनं असतंच, आणि भांडणही सोन्यावरच पेटतं. दागिना-दागिना यादी करा. वजन ग्रॅममध्ये लिहा, तोळ्यात नको: सध्या सराफ तोळा दहा ग्रॅमचा धरतात, जुन्या पिढीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आणि वीस तोळ्यांवर हा फरक तीसेक ग्रॅमचा पडतो. यादीची एक ओळ अशी असावी: 'पोत, २४ ग्रॅम, लग्नात माहेरून, पावती आहे, आज सासरी कपाटात.' म्हणजे काय, किती, कुणी दिलं, केव्हा, पुरावा काय, आज कुणाकडे. या सहा गोष्टींतली शेवटची सर्वात मोलाची. १ एप्रिल २०२३ नंतर दुकानातून घेतलेल्या दागिन्यावर सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक असतो, तोही टाका. जुन्याला तो नसतो, तिथे लग्नातले फोटो लावा. मोडून नवे केले असतील तर जुन्याची आणि नव्याची दोन्ही नोंद, नाहीतर तेच सोनं दोनदा मोजलं जातं. स्त्रीधन बायकोचंच असतं, पण तिचं म्हणून ते यादीतून वगळायचं नसतं. गहाण असेल तर गोल्ड लोनची पावती कर्जाच्या भागात जोडा.

पतसंस्थेत अडकलेल्या ठेवी हा खान्देशातला दुखरा भाग आहे. पैसे मिळत नाहीत म्हणून त्या यादीतून गाळू नका. पावती क्रमांक, मूळ रक्कम, मुदत संपल्याची तारीख आणि 'रक्कम मिळालेली नाही' असं लिहा. भिशीचंही तसंच: किती सभासद, महिन्याला किती, नंबर लागला की नाही.

खर्च आणि कर्ज

मुलाची शाळेची फी वर्षाची असते, ती बाराने भागून महिन्यात आणा. व्हॅन दहाच महिने असते, ते तसंच लिहा. आईवडिलांचं औषध, घरभाडं, वीज, किराणा, मोबाईल. गोल आकडे टाळा. ३,००० च्या सहा ओळी पाहिल्या की कुणालाही कळतं की बसून लिहिल्यात. कमाईपेक्षा खर्च जास्त लिहिलात तर फरक कोण भरतं हे सांगावं लागेल: माहेर देतं की उसनवारी.

कर्जात पीककर्ज महिन्याच्या हप्त्यात मोडू नका. सोसायटीचं पीककर्ज वर्षातून एकदा भरायचं आणि बहुधा पुन्हा उचलायचं असतं. त्याचं मुद्दल, तारीख आणि थकीत आहे की नाही एवढं पुरे. त्याच कर्जातून घेतलेलं खत तुम्ही केळीच्या खर्चात आधीच वजा केलेलं आहे, तेव्हा कर्जफेड पुन्हा वजा केली तर एकच पैसा दोनदा वजा होतो. ही चूक फारच सर्रास सापडते. वेगळं राहायला लागल्यानंतर नातेवाइकाकडून घेतलेलं हातउसनं कर्ज स्टॅम्पवर लिहून आणलं तरी न्यायालय त्याकडे संशयानेच बघतं. रक्कम बँकेतून आली असेल तर मात्र ते टिकतं.

शपथ आणि दाखल करणं

न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. कुणी पाचशेचा स्टॅम्प आणायला लावलाच तर आधी वकिलाला विचारा. मराठीत लिहा. प्रत्येक पानावर सही, खाडाखोडीवर छोटी सही, जोडलेल्या कागदांना क्रमांक. अंगठा लावणारी व्यक्ती असेल तर 'मराठीत वाचून दाखवलं, समजलं, कबूल आहे' अशी नोंद वाचून दाखवणाऱ्याच्या सहीसह असावी, आणि खरोखर वाचून दाखवावं. शेवटी कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीने आणि कोणते ऐकीव माहितीने हे वेगळं लिहायचं असतं. समोरच्याच्या कमाईचा भाग ऐकीव माहितीत टाका. शपथ न्यायालयातल्या शपथ अधिकाऱ्यापुढे किंवा नोटरीपुढे घ्या. कोऱ्या नमुन्यावर सही करून वकिलाकडे ठेवून येऊ नका. सही तुमची आहे, जाबही तुम्हीच द्याल: खोटं शपथेवर सांगणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा ठरू शकतो.

तीन संच करा: न्यायालयाचा, समोरच्याचा, तुमचा. तुमच्या संचावर दाखल केल्याचा शिक्का आणि तारीख घ्या.

समोरच्याचं प्रतिज्ञापत्र हाती आलं की त्याचे आकडे सातबारा, आठ-अ, फेरफार, नोंदणी विभागाचा ई-सर्च, वाहन नोंदणी आणि पीक विमा यांच्याशी एकेक करून ताडा. तफावत निघाली की 'खोटं आहे' एवढंच म्हणू नका, 'परिच्छेद अमुक, त्यांचा आकडा हा, कागदातला आकडा हा' असा तक्ता करा. त्यावरून लेखी प्रश्नावली देता येते, कागद हजर करण्याचा अर्ज करता येतो, बँकेला किंवा मालकाला कागदासह बोलावता येतं. मुद्दाम केलेली मोठी लपवाछपवी असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली खोट्या पुराव्याबद्दल कारवाईचा अर्ज होतो. मात्र अशा अर्जाच्या मागे लागून अंतरिम पोटगीची सुनावणी लांबू देऊ नका. ती आधी उरकून घ्या.

नोकरी बदलली, जमीन विकली, वडील वारले आणि वारसनोंद झाली, बाग गेली, तर सुधारित प्रतिज्ञापत्र लगेच द्या. तशी हमी तुम्ही शपथेतच दिलेली असते. वारसनोंदीचा फेरफार प्रमाणित झाल्याची तारीख आणि सुधारित कागदाची तारीख यांत सहा महिन्यांचं अंतर दिसलं की ते का पडलं याचं उत्तर तयार ठेवावं लागतं.